उलिगची घरपट्टी

डेलमर उलिगच्या दाराची बेल व्हर्लाने आज तिसऱ्यांदा दाबली, आणि पहिल्यांदाच जोरात दाबली. आधीच्या दोन खेपांना तिने नुसतं बोट टेकवल्यासारखं केलं होतं. ऐकू गेलं तर गेलं.

म्हातारा जाळीच्या दाराआड येऊन उभा राहिला. कडी काढली नाही.

"काय विकताय?"

"काही नाही. मी व्हर्ला नोव्होटनी. शाळेच्या स्वयंपाकघरात होते एकवीस वर्षं. तुमच्या मुलीला वाढलंय मी."

"तिला शाळेतलं जेवण आवडायचं नाही."

"कुणालाच आवडायचं नाही. मिस्टर उलिग, तुमची घरपट्टी थकलीय. चार वर्षांची."

निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाच्या, लाइलच्या नादाने व्हर्ला या धंद्यात पडली होती. नेब्रास्कातल्या त्यांच्या काउंटीत दर मार्चला थकलेल्या पट्ट्यांचा लिलाव होई. दुसऱ्याची पट्टी आपण भरायची, काउंटीने आपल्याला कागद द्यायचा. मालकाने तीन वर्षांत व्याजासकट काउंटीत पैसे भरले तर आपले पैसे वाढून परत. नाही भरले तर घर आपलं. ऐकायला किती सरळ! पहिला कागद त्यांनी जागा न बघता घेतला, तो निघाला बंद पडलेल्या पेट्रोलपंपाचा. जमिनीखाली गंजलेल्या टाक्या, आणि मातीत मुरलेलं पेट्रोल उपसायचा खर्च जागेच्या किमतीच्या चौपट. मालक फिरकला नाही, आणि ती जागा नावावर घ्यायची यांचीही छाती झाली नाही. एकोणीसशे डॉलर गेले.

दुसरा कागद या घराचा. सहा हजार गुंतलेले, घर सत्तर हजारांचं. मुदत सोमवारी संपत होती.

लाइलचं म्हणणं साफ होतं. "रजिस्टर पत्र पाठवलं, ते 'घेतलं नाही' म्हणून परत आलं. पेपरात तीन आठवडे नोटीस छापली. कायद्याचं झालं. आता तू त्या दारात जाऊ नकोस, व्हर्ला." घर अजून मिळायचं होतं, पण खिडक्यांची मापं घेऊन लाइल पडद्यांच्या दुकानात जाऊन आला होता. हे तिला दुकानदारीणबाईकडून कळलं. तेव्हापासून तिला भावाचा संशय येऊ लागला, आणि आपण दोनदा बेल हळू का दाबली, हे आठवून स्वतःचाही.

"पट्टी बँक भरते," उलिग म्हणाला.

"कर्ज होतं तोवर भरायची. हप्त्यातच कापून घ्यायची ती रक्कम. कर्ज फिटलं आणि बँकेने हात काढला."

म्हाताऱ्याने मागे वळून भिंतीकडे पाहिलं. तिथे काचेच्या चौकटीत बँकेचं पत्र लटकत होतं, कर्ज पुरं फिटल्याचं. क्षणभर व्हर्लाला वाटलं, पटलं याला.

"माझं कर्ज फिटलं हे तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतंय की इथून. भिंतीवर."

"म्हणजे घरात काय काय आहे ते बघत होता!"

"अहो, तुम्ही पत्र का घेतलं नाहीत?"

"सही मागणारी पत्रं मी घेत नाही. सही केली की माणूस अडकला. माझी बायको इर्मा बघायची कागदपत्रं. ती गेली. आता तुम्ही म्हणणार, पैसे माझ्या हातात द्या."

"मला एक सेंटही नको! काउंटीच्या कचेरीत जा, खजिनदाराच्या खिडकीवर बर्निस बसते, तिच्याकडे भरा."

"वा! मी घराबाहेर, आणि तुमचा माणूस मागच्या दाराने आत. तो ट्रकमध्ये बसलाय तोच ना?"

व्हर्लाने वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे खरोखरच लाइलचा ट्रक उभा होता. टोपी डोळ्यांवर ओढून लाइल पेपर वाचण्याचं सोंग करत होता.

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली. किती वाईट ऐकू आलं ते!

"शेरिफला सांगतो थांबा."

व्हर्ला दार सोडून दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली. खरं सांगून हा माणूस हलणार नव्हता. मग ती पुन्हा वर आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "शेरिफला खुशाल सांगा. पण त्या बर्निसला मात्र काही विचारू नका."

"का? बर्निसला का नको?"

"तिला सगळं ठाऊक असतं. त्यापेक्षा मला इथेच चेक द्या, माझ्या नावाने. मी बघते सगळं. कुणाला सांगू मात्र नका हं."

कडी निघाली. उलिग बाहेर आला, कोट चढवलेला, हातात पेन्सिल. तिला ओलांडून तो थेट तिच्या गाडीपाशी गेला आणि नंबर उतरवून घेऊ लागला. शेवटचा आकडा चिखलाने झाकला होता. व्हर्लाने तो बाहीने पुसून दिला.

"फार मदत करताय," तो संशयाने म्हणाला, आणि आपल्या गाडीत बसून कचेरीच्या दिशेने निघून गेला.

लाइल धावत आला. "काय बोललीस त्याला?"

"मी भामटी आहे म्हणून सांगितलं. पटलं त्याला."

चार वाजता बर्निसचा फोन आला. "तुझी तक्रार करायला आले होते गं उलिग. तक्रार झाली, मग पट्टी बघितली, मग खुर्चीवर बसले. पाणी दिलं. पैसे सगळे भरून गेले. पण कागदावर तुझं नाव वाचलं त्यांनी. म्हणाले, म्हणजे हिला घर हवंच होतं. मी काय बोलणार?"

"काही नको बोलूस," व्हर्ला म्हणाली. "हवंच होतं."

लाइलने आपल्या वाट्याचा हिशेब मागितला, तोही बायकोकरवी.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. ईस्टरच्या आधीच्या उपासांत शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळतात, आणि वाढायला व्हर्ला असते. रांगेत उलिग आला. तिला बघून थबकला. मागच्या माणसाला कोपराने ढोसून मोठ्याने म्हणाला, "पाकीट सांभाळ. हीच ती."

रांगेतल्या चार माना वर झाल्या. व्हर्लाने त्याच्या ताटात बटाटे वाढले, माशाचा चांगला मोठा तुकडा ठेवला, आणि आणखी एक ठेवला.

उलिगने दोन्ही तुकडे वाकून बघितले. मग एक उचलून मागच्या माणसाच्या ताटात घातला.

"आधी तू खा," तो म्हणाला, आणि तो माणूस गिळेपर्यंत रांग अडवून तिथेच उभा राहिला.