नकाशातलं सहावं ठिकाण

हा नकाशा मी केला. खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं म्हटलं, तर डोकं माझंच आहे.

एकतीस वर्षं इंदापुरात इतिहास शिकवला मी. रिटायर झाले आणि घरी बसून जीव कावला. त्यात पुणे-सोलापूर रस्त्यानं जाणारी माणसं स्टँडवर चहा पितात आणि तोंड वाकडं करून विचारतात, इथं बघण्यासारखं काय आहे? अरे, काय आहे म्हणजे? गढी आहे, दर्गा आहे, जैन मंदिर आहे, कासारांची आळी आहे. मधेच तांबोळ्यांची घरं, पलीकडं आमची वस्ती. तीनशे-चारशे वर्षं ही सगळी माणसं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिली, आणि म्हणे काय आहे! म्हणून मी एक घडीचा कागद तयार केला. गाइड नको, कुणी नको. कागद घ्यायचा, भिंतीवरचे आकडे बघायचे आणि आपलं आपण हिंडायचं. एकूण नऊ ठिकाणं. बारामतीहून छापून आणला आणि पाट्या स्वतः उभी राहून ठोकून घेतल्या.

सहावं ठिकाण म्हणजे वेशीचा पीर. वेस कधीच पडली, नाव तेवढं उरलं. छातीइतका उंच दगडी ओटा, त्यावर हिरवी चादर, कोनाड्यात दिवा. ओट्याच्या पाठीला पाठ लावून दस्तगीरभाईंचं दोन खोल्यांचं घर. सत्तरी ओलांडलेले दस्तगीरभाई आणि त्यांची बायको सलिमाभाभी, दोघंच तिथं राहायची. सायकलचं दुकान गुडघ्यांनी बंद पाडलं होतं. दिवा लावणं मात्र सुटलं नव्हतं.

तिथल्या उरसाच्या आदल्या दिवशी ओट्याला चुना लावतात. चुन्याचा पहिला हात येसकराचा, म्हणजे वेस राखणाऱ्या महाराचा. तो मान आमच्या घराचा होता. माझे आज्जे म्हस्कू हे शेवटचे. छप्पन्न साली त्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली आणि गावकीची सगळी कामं एका दिवसात टाकली. बरोबर केलं. मान कसला डोंबलाचा, वेठच ती! पण दस्तगीरभाईंचे वडील हट्टी. आज्जे जिथं पहिला कुंचा टेकवायचे, तिथली वीतभर जागा त्यांनी त्या वर्षी कोरी सोडली. आज्जे काही गेले नाहीत. पुढच्या वर्षीही सोडली. मग दस्तगीरभाईंनी तेच चालवलं. दरसाल ओटा पांढरा व्हायचा आणि उजव्या कोपऱ्यातली वीतभर जागा तशीच राहायची.

हे ऐकलं तेव्हा मी भडकलेच. म्हटलं, "आम्ही सोडलं, तर तुम्ही कशाला धरून बसलात?"

"तुमी सोडलं ते बराबरच केलं," दस्तगीरभाई म्हणाले. "पन तुमची जागा आमी दुसऱ्याच्या हातानं कशी रंगवायची, बाई?"

घरी येऊन मी पोटभर रडले आणि ते सगळं कागदात लिहिलं. तिथं थांबायचं ना! पण गप्प बसेल ती मास्तरीण कसली? इतकी वर्षं चुना न लागल्यानं त्या वीतभर जागेतला जुना चुना झडला होता आणि खालच्या दगडावर कोरलेली कमळाची पाकळी दिसायची. मी लिहिलं, "हा दगड ओट्याहून जुना असावा. कुठल्याशा पडक्या इमारतीतून आणला असेल. आपल्याकडं चांगला दगड कुणी टाकून देत नसे." झालं! केवढं कौतुक वाटलं होतं मला त्या ओळींचं.

दिवाळीनंतर संदेश कागद घेऊन हिंडायला आला. संदेश माझाच विद्यार्थी, मोबाइलवर चॅनेल चालवतो. मला वाकून नमस्कार केला, माझ्या हातचा चहा प्याला. दोन दिवसांनी त्याचा व्हिडिओ फिरायला लागला. त्यात पाकळी होती आणि माझ्या कागदातलं "हा दगड ओट्याहून जुना असावा" एवढंच वाक्य होतं. पुढचं गायब. वर त्याचा आवाज, "निवृत्त शिक्षिकेनं स्वतः दिला पुरावा! खाली काय दडलंय?" मी फोन केला तर उचलेना मेला.

मग पोरं यायला लागली. आधी पाच-सहा, मग झेंडे घेऊन तीस-चाळीस. ओटा हटवा, खाली खणून बघा, असा अर्ज कचेरीत गेला. सलिमाभाभींनी दार लावून घेतलं. दिवा लावायला दस्तगीरभाई तेवढे बाहेर यायचे, तेही मान खाली घालून. मी जाऊन उभी राहायची, पोरांना नावानिशी दटावायची. त्यातली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली. "बाई, तुमचंच तर लिहिलेलं आहे," म्हणायची.

सुनावणीची तारीख लागली. आदल्या संध्याकाळी दस्तगीरभाई काठी टेकत माझ्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाई, एक मागतो. त्या दगडाचं तुमी मनानं लिवलं, एवढं सायबाला सांगा."

"खोटं बोलू?"

"वर्षानुवर्षं खरं बोललाय. एक दिस आमच्यासाठी बोला. ओटा गेला तर घराची पाठच जाती. ह्या वयात आमी दोघं कुठं जायाचं?"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खोटं बोलायचं ठरवलं. आणि बोलायचंच तर नीट बोलायचं, हेही ठरवलं. पोरांची खोटी कारणं ऐकण्यात माझा जन्म गेला. अर्धं खरं आणि अर्धं खोटं सांगणारा हमखास सापडतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? सगळंच एका रंगाचं असलं की कुठं बोट शिरत नाही.

कचेरीतले साहेब तरणे होते, बोलायला सभ्य. "मॅडम, हे सहाव्या ठिकाणाबद्दल तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत?"

"कशाच्याच नाही," मी म्हणाले. "रंजक व्हावं म्हणून मनानं लिहिलं."

"दगडाचं?"

"दगडाचं, चुन्याचं, येसकराच्या मानाचं. सहाव्या ठिकाणाची सगळी माहिती काल्पनिक आहे."

कारकुनानं टाइप केलं. मी वाचलं आणि ठसठशीत सही केली. मागं बसलेल्या पोरांचे चेहरे पडले. संदेशनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. साहेब म्हणाले, खोदकामाचा अर्ज फेटाळतो, आधारच उरला नाही. दस्तगीरभाईंनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मला वाटलं, जिंकलो!

"आता दुसरा अर्ज," साहेब म्हणाले आणि फाइल उलटली.

दुसरा? आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता. ओटा आणि त्यामागचं घर हे रस्त्यातलं अतिक्रमण आहे, अशी तक्रार त्याच पोरांनी पहिल्या अर्जाबरोबरच देऊन ठेवली होती. साहेबांनी विचारलं, "हे बांधकाम जुनं असल्याचा काही कागद आहे?"

दस्तगीरभाईंकडं घरपट्टीची पावती होती, ती वीस-बावीस वर्षांपूर्वीची. त्याआधीचं काही नाही. ते माझ्याकडं वळून हसले. खरंच हसले. "हाय की सायेब. बाईंच्या कागदात हाय. माझा बाप, म्हस्कूआबा, छप्पन साल, समदं नावानिशी लिवलंय."

साहेबांनी माझा कागद उचलला, मग माझा जबाब उचलला. "ते काल्पनिक असल्याचं मॅडमनी आत्ताच लिहून दिलंय."

"तेवढं खरं आहे!" मी उठून ओरडले. "साहेब, मानाचं खरं आहे. म्हस्कू माझे सख्खे आज्जे!"

"मग जबाब खोटा आहे का, मॅडम?"

मी म्हणाले, हो, खोटा आहे. पोरं खो खो हसली. साहेबांनी त्यांना गप्प केलं आणि मला अगदी आदरानं सांगितलं, "पाच मिनिटांत तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. मी कुठलीच धरू शकत नाही." एकतीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं, आणि माणूस चुकीचंही बोलत नव्हता.

वकील केला, वरच्या कचेरीत अर्ज दिला, आमच्या वस्तीतल्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन गेले. सगळ्यांसमोर माझी ती सही पुढं यायची. पंधरा दिवसांची नोटीस संपली आणि एका बुधवारी सकाळी जेसीबी आला. पोलीस होते, संदेशचा मोबाइल होता. ओटा एका धक्क्यात बसला. घराची मागची भिंत त्याच्याबरोबर आली, आणि सलिमाभाभींचं फडताळ भांड्यांसकट रस्त्यावर उघडं पडलं. ओट्याखाली काय निघालं? मुरूम. नुसता मुरूम.

दस्तगीरभाई टेम्पोत पुढं बसून होते. बारामतीला लेकीकडं, सबिनाकडं चालले होते दोघं. मी खिडकीशी गेले, हाक मारली. त्यांनी काच वर केली नाही, पण वळूनही बघितलं नाही. सलिमाभाभी मागं बोचकी चढवत होत्या. मी एक बोचकं उचलायला गेले, तर त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सकाळधरनं उभ्या हाय बाई तुमी. काय खाल्लं का न्हाय?"

मला ते सोसवेना. रस्त्यात, सगळ्या गावासमोर मी हुंदके देऊन रडले. म्हटलं, "भाभी, माझ्यामुळं झालं हे. चार शिव्या तरी द्या मला."

"तुमाला कशापायी?" त्या म्हणाल्या. "तुमी तर खरंच लिवलं हुतं. खोटं बोला म्हनून आमीच आलो की तुमच्या दारात."

म्हणजे दोष त्यांनी स्वतःच्या घरावर घेतला. त्या घराच्या विटा आमच्या दोघींच्या पायाशी पडल्या होत्या. दस्तगीरभाईंनी दगडापुरतंच मागितलं होतं, बाकीचं खोटं माझ्या पदरचं, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्या टेम्पोत चढून बसल्या होत्या आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.