झाकणाखालचा भुस्सा

मित्रांनो, मी पेट्रोलवर चालणारी एक जुनी करवत आहे. देवगाव रंगारीत मला सगळे ‘कटर’ म्हणत. माझ्या पात्याभोवती दातांची साखळी फिरते आणि बाभळीचे जाड खोडही मी काही मिनिटांत कापते. पण आज मला माझा पराक्रम सांगायचा नाही. माझ्यामुळे एका बाईचा हात अधू झाला, ते सांगायचे आहे.

कारखान्यातून निघताना मी एक गुण सोबत आणला होता. ट्रिगर दाबला की इंजिन वेगाने फिरते आणि साखळी चालते. ट्रिगर सोडला की इंजिन हळू धडधडत राहते, पण साखळी मात्र पूर्ण थांबते. ती थांबते या भरवशावरच माणसे माझ्याजवळ येतात.

बद्रीनाथ मला चालवायचा आणि त्याची बायको आवडाबाई कापलेल्या फांद्या ओढून बाजूला करायची. वादळात आडवी झालेली झाडे, बांधावरच्या वाळक्या बाभळी, अशी आमची कामे. खंडेनवमीला आवडाबाई मला तेलाच्या फडक्याने पुसून हळदकुंकू लावायची आणि झेंडूचा हार घालायची. “हिच्यामुळं आपली चूल पेटती,” असे बद्रीनाथ म्हणायचा. मी नव्यासारखी चकाकायचे.

पण माझे मागचे झाकण कोणी उघडले नाही. त्याच्याखाली हवा गाळणारी जाळी असते. दातांना धार असली की लाकडाच्या चपट्या कपच्या पडतात. दात बोथट झाले की पिठासारखा बारीक भुस्सा उडतो. माझे दात बोथट झाले होते. तो भुस्सा जाळीत बसत गेला, माझा श्वास कोंडला आणि ट्रिगर सोडला की मी बंदच पडू लागले.

“आज बी रुसली का तुमची लाडकी?” आवडाबाई हसून म्हणाली.

“थांब, काढतो तिचा रुसवा.” बद्रीनाथने माझ्या बाजूचा छोटा स्क्रू पिळून इंजिनाचा हळू वेगच वाढवून ठेवला. “बघ! आता बंद पडायचं नाव नाय.”

कौतुक ऐकून मला बरे वाटले. हे कबूल करताना आज लाज वाटते, कारण त्या क्षणी ट्रिगर सुटलेला होता आणि माझी साखळी फिरत होती.

आवडाबाईच्या ते लक्षात आले. “अवो, ही तर फिरतीच हाय!”

“जराशी फिरली तर काय खाती का तुला?”

तिसऱ्या दिवशी एक फांदी अडकली. बद्रीनाथने ट्रिगर सोडला. सवयीप्रमाणे आवडाबाईने डावा हात पुढे केला. मी थांबायला हवे होते. मी थांबले नाही.

जखम भरली, पण त्या हाताची मूठ आता वळत नाही. वेणी घालायला तिला शेजारणीला हाक मारावी लागते. बद्रीनाथ मात्र लोकांना सांगायचा, “तिचाच हात मधी आला.” मी कोपऱ्यात पोत्याखाली पडून हे ऐकत असे.

पुढे सिल्लोडचा अजिनाथ मला विकत घ्यायला आला. बद्रीनाथने मला पुसले, सुरू केले, ट्रिगर दाबून धरला आणि तो न सोडताच बटणाने थेट बंद केले.

“काय बी बिघाड नाय,” तो म्हणाला. मीही गप्प राहिले.

“मावशी, तुम्ही सांगा. चांगलं हाय नं मशीन?”

आवडाबाईने उलट विचारले, “फांद्या कोण ओढतं तुझ्याकडं?”

“घरचीच. रत्नमाला.”

आवडाबाईने पदराखालून डावा हात काढला. “मग घ्यायच्या आधी हा बघ. अन् यांना इचार, ट्रिगर सोडल्यावर काय व्हतं ते.”

बद्रीनाथची मान खाली गेली. तो म्हणाला, “थांबत नाय ती. मीच पिळून ठेवलं तसं. चल, आधी दुरुस्त करू.”

मुकुंदवाडीच्या नानासाहेब मिस्त्रींनी माझे झाकण उघडले आणि भुश्श्याचा थर नखाने खरवडला. “कुंकू तर लई लावलंय. झाकण कधी उघडलं व्हतं का?” त्यांनी जाळी धुऊन वाळवली, कानशीने एकेका दाताला धार दिली आणि मग तो स्क्रू हळूहळू मागे फिरवला. इंजिन धडधडत राहिले. साखळी थांबली.

बद्रीनाथ त्या थांबलेल्या साखळीकडे बघत राहिला. “एवढंच व्हतं?”

“एवढंच.”

मित्रांनो, आता मी सिल्लोडला असते. तुमच्या घरी एखादे यंत्र असेल, तर त्याची पूजा जरूर करा. पण त्याआधी त्याचे झाकण उघडा. ते खोकू लागले तर त्याला गप्प करू नका, ते का खोकते ते शोधा. माझा दोष मात्र कोणतीही जाळी धुऊन जाणार नाही. रोज रत्नमाला फांदीला हात घालते तेव्हा माझी साखळी थांबलेली असते. आणि रोज तिच्या हाताच्या जागी मला आवडाबाईचा हात दिसतो.