टोचलेला कागद

दादाने कागद उचलून बाजूला ठेवला, तरी धाकटी बहीण पाटीकडेच बघत राहिली. पांढरा रंग दिलेल्या पत्र्याच्या पाटीवर कोळशाच्या बारीक ठिपक्यांनी एका बाईचा चेहरा उमटला होता. पंखा त्याने आधीच बंद केला होता. वाऱ्याने ठिपके उडतात.

“काय गं पंडितबाई, शब्द संपले?”

शब्दासाठीच तर ती आली होती. शब्दकोशाच्या कार्यालयात तिच्या वाट्याला ‘खाका’ हा शब्द आला होता. अर्थ लिहून झाले होते : कच्चे रेखाटन, आराखडा, कामाचा ढोबळ बेत. अडले ते व्युत्पत्तीपाशी. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ, राख; पण धुळीतून रेखाटन निघते कसे, हे तिला डोळ्यांनी पाहायचे होते. वडिलांच्या मागे पाट्या रंगवणाऱ्या दादाने मग चित्राच्या रेघारेघांवर सुईने टोचलेला एक जुना कागद पाटीवर धरला आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटली. एवढ्याचा पगार देतात का तुला, असे म्हणून तो हसलाही होता.

अर्थ उलगडला होता. तिचे लक्ष मात्र आता त्याच्याकडे नव्हते.

हा चेहरा तिला पाठ होता. जुन्या खोलीत, तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर वडिलांनी तो काढला होता आणि रंग न भरताच सोडून दिला होता. आई गेली तेव्हा ती रांगत होती. घरात आईचा एकही फोटो नव्हता. शेजारच्या काकूंनी कधीतरी भिंतीकडे बोट दाखवून सांगितले, ही तुझी आई. तेवढ्यावर ती वाढली. शाळेतले रुसवे, पहिल्या पगाराची बातमी, सारे तिने आधी त्या भिंतीला सांगितले. दादाने खोली रंगवून घेतली, तेव्हा कित्येक दिवस तिने त्याच्याशी अबोला धरला होता.

“ही पाटी कुणाची?”

“शिंप्याची. मागे चष्मेवाल्याला केली, तेव्हा बाईला चष्मा लावला. बाबांचा कागद आहे, अजून पुष्कळ चालेल.”

तिने कागद खिडकीकडे धरला. वापरून वापरून भोके सैल झाली होती. त्यांतून गळालेला उजेड तिच्या मनगटावर ठिपक्याठिपक्यांनी पडला. त्यात ओळखू येण्यासारखे काही नव्हते.

“दादा, तुला आई आठवते ना?”

“आठवते.”

“मग खरं सांग. भिंतीवर कोण होतं? आई, की हा कागद?”

दादाने बोटांना लागलेली भुकटी फडक्याला पुसली. बोटे स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला. मग ब्रश धुवायचे आहेत असे काहीसे पुटपुटत तो मागच्या नळाकडे निघून गेला. ब्रश पाटीजवळच होते, कोरडे.