समोरच्या भिंतीवरचे नाउम मास्तर

फानियाचं मिठाईचं दुकान बंद पडलं तेव्हा सगळ्यांत जास्त हळहळली ती वासिल्का मावशी. चार महिने येईल त्या गिऱ्हाइकाला ती समोरचं खाली ओढलेलं शटर दाखवायची आणि म्हणायची, "बघा, काय दिवस आलेत बाजाराला. बिचारी फानिया!" त्या 'बिचारी'त जेवढी साखर असायची तेवढी फानियाच्या हलव्यातही कधी नव्हती.

मावशीचं रजयांचं दुकान आणि माझं घड्याळाचं, यांच्यात एक भिंत. बितोलाच्या जुन्या बाजारातली आमची गल्ली एकेकाळी हातोड्यांच्या आवाजानं जागी व्हायची. आता कल्हईवाल्याच्या जागी नखं रंगवून मिळतात, खोगीरवाल्याच्या जागी मोबाइलची कव्हरं. मीही घड्याळं कमी आणि बॅटऱ्या जास्त विकतो. मावशी मात्र होती तिथेच होती. एकाहत्तराव्या वर्षी ओट्यावर मांडी घालून बसायची, बोटात अंगुस्तान, पुढ्यात साटीन, आत लोकर, आणि चष्म्याशिवाय टाके. रजयांचे नावाजलेले कारागीर नाउम मास्तर, तिचा नवरा, जाऊन अकरा वर्षं झाली, तरी पाटीवर नाव त्यांचंच होतं.

मे महिन्यात समोरचं शटर वर गेलं. फानियाच्या बहिणीची नात बिसेरा राजधानीहून, स्कोप्येहून आली आणि तिनं तिथं कॅफे काढला. गंमत म्हणजे तिनं काहीच बदललं नाही. तोच संगमरवरी गल्ला, तोच पितळी तराजू, त्याच फिकट हिरव्या भिंती. कॉफीचं यंत्र तेवढं नवं आणलं, आणि फानियाची बाजरीची गोड आंबील पुन्हा सुरू केली. पंधरा दिवसांत रांगा लागल्या. फानिया दाराशी खुर्ची टाकून बसायची, इस्त्रीची कॉलर, केस सेट केलेले. पोरंपोरी तिच्याबरोबर फोटो काढायची आणि विचारायची, "आजी, पूर्वी इथं कसं होतं?" आजी सांगायची.

मावशीला जेवण जाईना.

"क्लिमे, मला एक सांग," ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "तिनं दुकान बंद केलं तर ती इतिहास झाली. मी अजून रोज सुई चालवते, तर मी नुसतीच म्हातारी! म्हणजे मी आता काय करू, मरू?"

"अहो मावशी, तुमच्याकडेही येतील लोक."

"आला होता ना काल एक जर्मन. मला वाटलं रजई बघायला आला. संडास कुठं आहे विचारत होता."

मग तिनं लोकर झोडपायचं काम दाराबाहेर काढलं. नेमकं अकरा वाजता, समोरची टेबलं भरली की. काठी हवेत फिरायची आणि पांढरे पुंजके तरंगत तरंगत लोकांच्या कॉफीत उतरायचे.  बिसेरानं हसत टेबलं पलीकडे सरकवली आणि मावशीला एक वाटी हलवा पाठवून दिला. त्या हलव्यानं मावशीला जेवढा राग आला तेवढा शिवी दिली असती तरी आला नसता.

पुढे मावशीनं आपल्या पाटीवर '१९५१ पासून' असं रंगवून घेतलं. बिसेरानं दारावर १९३४ लिहिलं होतं ते तिला नंतर दिसलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर १९३१ झालं.

"मावशी," मी म्हणालो, "तेव्हा मास्तरांचे वडील पाच वर्षांचे असतील."

"तू घड्याळं बघ. सालं मी बघते."

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. सप्टेंबरात बिसेरानं कॅफेच्या एका भिंतीवर बाजाराचे जुने फोटो लावले. मी कॉफी घ्यायला गेलो तेव्हा त्यातला एक बघितला आणि कप तसाच ठेवून परत आलो. मावशीला काही बोललो नाही. पण अशी गोष्ट गल्लीत किती दिवस झाकून राहणार? लग्नाची रजई सांगायला आलेली एक बाई सहज बोलून गेली, "मावशी, तुमचे मालक काय देखणे होते हो तरुणपणी! समोर फोटो लागलाय त्यांचा. काय हसताहेत!"

मावशीनं सुई साटीनमध्ये तशीच खोचली, अंगुस्तान बोटातच, आणि रस्ता ओलांडला. कॅफे उघडल्यापासून तिनं तो उंबरा ओलांडला नव्हता. मी मागोमाग गेलो.

फोटो अठ्ठ्याऐंशी सालचा होता. गल्ल्यापाशी नाउम मास्तर उभे, हातात आंबिलीचा ग्लास, मान मागे टाकून खदाखदा हसताहेत. गल्ल्याच्या आत फानिया, तीही हसते आहे, हात तोंडावर. मावशी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं खिळ्यावरचा फोटो काढला, काखेत मारला आणि चालू लागली.

"आजी, थांबा, ते..." बिसेरा मागे धावली.

"माझा नवरा आहे," मावशी न वळता म्हणाली. "घरी येतोय."

दुकानात आल्यावर तिनं मला बसवलं. "तुला माहीत होतं?"

मी अठ्ठ्याऐंशी सालीच घड्याळाच्या दुकानात वडिलांच्या खुर्चीवर बसलो होतो. माझ्या खिडकीतून समोरचं दार सरळ दिसतं. रोज दहा वाजता मास्तरांना त्या दारातून आत जाताना मी कितीतरी वर्षं बघितलं होतं. मी खाली बघितलं.

"दोरा आणायला जातो म्हणायचा," मावशी म्हणाली. "रोज दहाला. मी कधी विचारलं नाही की एवढा दोरा आपल्याला लागतो कुठं." तिनं फोटोवरून अंगठा फिरवला. "चाळीस वर्षं संसार केला, क्लिमे. याचे मागचे दात मी आज बघितले."

दुसऱ्या दिवशी सकाळी फानिया आली. गुडघे धरून, काठी टेकत, एवढासा रस्ता ओलांडायला तिला बराच वेळ लागला. मी उठून जायला लागलो तर मावशी म्हणाली, "बस. साक्षीदार हवा."

"फोटो तुझ्याकडेच ठेव," फानिया म्हणाली. "मी तो मागायला नाही आले."

"मग जखमेवर मीठ चोळायला आलीस?"

"तुला वाटतंय तसं काही नव्हतं गं."

"मला काय वाटतंय ते तुला बरं कळलं!"

"तुझ्या जागी मलाही तेच वाटलं असतं." फानिया स्टुलावर बसली. "तो तुझ्याबद्दल बोलायचा, वासिल्का. दुसरं काही नाही. लोक लाल साटीनच्या लग्नाच्या रजया मागायला यायचे ना, नाउम मास्तरच्या हातची हवी म्हणून? तो म्हणायचा, त्यातली एक माझ्या हातची नाही. सगळे टाके तिचे. मी नुसता दारात उभा राहून मान डोलावतो. माझा टाका म्हणजे कोंबडीचं पाऊल, आणि तिचा म्हणजे मोत्याची ओळ."

मावशीनं बोटातलं अंगुस्तान काढून ओट्यावर ठेवलं.

"त्या फोटोच्या दिवशी कुणी डॉक्टर आला होता. रजई बघून इतका खूश झाला की त्यानं नाउमच्या हाताचा मुका घेतला. तू मागच्या खोलीत लोकर भरत होतीस. नाउम माझ्याकडे येऊन हसत सुटला, 'फानिया, भल्या माणसानं चुकीच्या हाताचा मुका घेतला!' हसता हसता डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. माझ्या भावाच्या हातात कॅमेरा होता, त्यानं दाबलं बटण."

मला वाटलं, आता मावशी निवळेल. कुठलीही बाई निवळली असती. पण तिच्या गळ्यापासून लाली चढत चढत कपाळापर्यंत गेली.

"आणि हे तो तुला सांगत होता?" ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या टाक्यांचं कौतुक, तुझ्या गल्ल्यावर? मी इथं चार पावलांवर बसले होते, फानिया. 'दोरा ओढून घे', 'कोपरा सुटलाय', याच्यापलीकडे हा माणूस माझ्याशी कामाचं बोलला नाही. कित्येकदा वाटायचं, एकदा तरी म्हणेल. तो शब्द होता त्याच्याकडे. रोज होता. आणि रोज दहा वाजता तो तुझ्या गल्ल्यावर टाकून रिकामा होऊन परत यायचा." तिनं पुढ्यातलं साटीन बाजूला सारलं. "त्यानं तुला मिठी मारली असती ना, तरी मला इतकं लागलं नसतं."

फानियानं काठी दुसऱ्या हातात घेतली. तिचंही तोंड आता वेगळं दिसायला लागलं होतं.

"मग मला काय, गोड लागत होतं?" ती एकदम म्हणाली. "माझा नवरा शिवीशिवाय बोलायचा नाही, ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. असला माणूस घरी, आणि इथं रोज एकजण यायचा, माझी आंबील प्यायचा आणि बायकोचे गोडवे गायचा. वासिल्काचा टाका असा, वासिल्काची बोटं तशी! मी ग्लास विसळत ऐकायची. तुझा इतका राग यायचा मला की तू दारात दिसलीस तरी मी पडदा ओढायची."

मावशीनं मान वर केली. "खरंच?"

"खरंच."

"किती राग यायचा?"

फानियानं जरा विचार केला. "तुझ्या मुलीच्या लग्नात हलवा मुद्दाम कडक केला होता मी."

"वाटलंच मला!" मावशीनं मांडीवर थाप मारली. "विहिणीचा दात हलला होता त्यानं. नाउम म्हणाला, विहिणीचे दातच कच्चे."

दोघी हसल्या नाहीत. पण फानिया आणखी अर्धा तास बसली, आणि मावशीनं मला कॉफी करायला पाठवलं. तिघांची.

फोटो मावशीनं दिला नाहीच. बिसेरानं येऊन त्याची प्रत काढू द्यायची विनंती केली तेव्हा तिनं अट घातली, की खाली काय लिहायचं ते ती स्वतः सांगेल. माझं अक्षर बरं म्हणून मी लिहिलं. 'नाउम. रजई शिवणाऱ्या वासिल्काचा नवरा.' बिसेरानं विचारलं, मास्तर लिहायचं नाही का? मावशी म्हणाली, नाही.

आता लोक समोरच्या भिंतीवर ते वाचतात आणि ही वासिल्का कोण म्हणून विचारतात. फानियाला खुर्चीतून उठून, काठीनं रस्त्यापलीकडे दाखवून सांगावं लागतं. दर वेळी तिचं तोंड कडू होतं, हे मी इथून बघतो. हिवाळ्याच्या तोंडावर मावशीकडे सहा रजयांचं काम आलं, त्यांतल्या दोन तर थेट स्कोप्येच्या पोरींच्या. कामाला बसायची बैठक तिनं खिडकीकडे सरकवून घेतली आहे. उजेडासाठी, म्हणते.

"आज चार वेळा उठावं लागलं तिला," संध्याकाळी ती मला सांगते. मग सुईत दोरा ओवता ओवता तिचा चेहरा पडतो. "पण क्लिमे, तिनं ते त्याच्या तोंडून ऐकलंय. मी तिच्या तोंडून."