शाकाहारी लांडगा

धोंडप्पाच्या मळ्यात कलेक्टरची मडम हरणं बघायला आली, आणि विरुपाक्षाला अन्न गोड लागेना.

दोघं साडू. एकाच घरातल्या दोन बहिणी केलेल्या, आणि नवी पेठेत कापडाची दुकानंही भिंतीला भिंत लावून. धोंडप्पानं दुकानात घड्याळ लावलं की विरुपाक्षानं त्याहून मोठं लावायचं. त्यानं मठाला घंटा दिली की ह्यानं समई द्यायची. पण हरणांना उत्तर काय द्यायचं? गोऱ्यांनी गावावर लादलेला मार्शल लॉ उठून दोन वर्षं झाली होती. गावाला गोऱ्यांचा राग होता, आणि गोऱ्यांबरोबर फोटो काढून घ्यायची हौसही तेवढीच होती. मडमेनं जाळीतलं पाडस कुरवाळलं, त्याचा फोटो निघाला. धोंडप्पानं तो दुकानापुढच्या ओट्यावरच्या खांबाला असा टांगला की विरुपाक्षानं आपल्या गादीवरून मान वर केली की पहिला तोच दिसावा.

"हरणं काय, कुणीही पाळतंय," विरुपाक्ष बायकोला म्हणाला. "मला असं जनावर पाहिजे की ह्याचं तोंड बंद झालं पाहिजे."

"घरात एक आहे की," रुद्राणी म्हणाली. "दोन वेळा वाढते त्याला."

आठ दिवसांत बातमी आली. माळावरच्या मायाप्पा धनगराला कोरड्या विहिरीत पडलेला लांडगा सापडला होता. त्यानं तो दोर लावून वर काढला होता आणि सोडायच्या बेतात होता. विरुपाक्षानं टांगा पाठवून माणूस आणि जनावर दोन्ही आणवलं. दुकानामागच्या अंगणात लोखंडी पिंजरा तयारच होता. धोंडप्पाच्या जाळीहून दीड हात उंच.

"मालक, माझी चार मेंढरं खाल्ली ह्यानं," मायाप्पा म्हणाला. "तरी मारला न्हाय. माळ काय माझ्या एकट्याचा हाय व्हय? आता तुमी म्हनतासा पोटभर घालतो, म्हनून देतो. पर ह्येला मटान लागंल बगा."

"या अंगणात मटण?" विरुपाक्षानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "सात पिढ्यांत अंडं आलेलं नाही या घरात. दूध-भाकरी खाईल. माझी पोरं वाढली त्यावर."

"तुमची पोरं लांडगं न्हाईत की."

मायाप्पाला नवा पटका मिळाला आणि बोलणं तिथं संपलं.

चार दिवस लांडग्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. गजांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, नाक गजाला घासून सोललं तरी चालायचा. पाचव्या दिवशी त्यानं दूध चाटलं. भुकेला काय धर्म असतो? पण गिरणीचा भोंगा व्हायच्या आत पेठेत ओरड झाली की विरुपाक्षाच्या घरात लांडग्यानं मांस सोडलं. मग काय विचारता! बायका हळदकुंकू घेऊन आल्या. कुणी पिंजऱ्याला विभूती फासली. "लांडग्यानं दीक्षा घेतली हो!" म्हणत म्हातारे हात जोडायला लागले. एवढी शहाणीसुरती माणसं, पण त्याच्या बरगड्या मोजाव्यात असं एकालाही वाटलं नाही.

विरुपाक्ष गर्दीकडे बघतच नव्हता. तो गादीवरून शेजारच्या दुकानाकडे बघत होता. तिथं गिऱ्हाईक नव्हतं, आणि फोटोखाली धोंडप्पा एकटाच माशा मारत बसला होता. त्या रात्री लागली तेवढी गाढ झोप विरुपाक्षाला वर्षभरात लागली नव्हती.

धोंडप्पा शेवटी आलाच. पिंजऱ्याभोवती फिरला आणि चारचौघांत म्हणाला, "साडूबुवा, खरं सांगा, मागल्या दारानं कोंबड्या किती येतात?"

"जीभ सांभाळ धोंडप्पा!"

"मग होऊन जाऊ दे. मी मटण आणणार नाही, मीही लिंग बांधतो. पण जिवंत करडू आणतो. येत्या श्रावणी सोमवारी, सगळ्या पेठेसमोर पिंजऱ्यात सोडू. ह्यानं त्याला दात लावला नाही, तर माझी सगळी हरणं तुमची."

"आण!" विरुपाक्ष म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याची नजर लांडग्याच्या दातांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मायाप्पा लांडग्याला बघायला आला. बघितलं आणि गजातून हात घालून त्याच्या बरगड्या चाचपल्या.

"मालक, मला माघारी द्या. अजून जगंल. माळावर सोडतो."

रुद्राणी चुलीपुढून उठून दारात आली. "द्या हो त्याला. मला त्याच्या डोळ्यांकडं बघवत नाही. आपण मांस खात नाही ते जीव दुखवायचा नाही म्हणून ना? मग हे काय चाललंय?"

"सोमवार झाल्यावर बघू."

"सोमवारपतूर ह्यो ऱ्हातोय व्हय?"

विरुपाक्षानं गजातून काठी घालून लांडग्याला ढोसलं. लांडग्यानं मान उचलली नाही. आणि विरुपाक्षाला, खरं तेच लिहायचं तर, बरं वाटलं. ज्याला मान उचलवत नाही तो करडू काय धरणार? त्या दिवसापासून त्यानं दूध बंद केलं. भाकरीही अर्धी केली, तीही स्वतः टाकायला लागला, रुद्राणीला पिंजऱ्याजवळ फिरकू देईना. पाप कशाला म्हणतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. पण हरणं आपल्या अंगणात आणि धोंडप्पा रिकाम्या जाळीपुढं उभा, एवढं एक चित्र डोळ्यांसमोर आलं की बाकीचं दिसायचं बंद व्हायचं.

सोमवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मायाप्पाही भिंतीला टेकून उभा होता. धोंडप्पानं करडू आत सोडलं. ते थरथरलं, दोनदा ओरडलं. लांडग्याचा कान हलला, तेवढाच. मग करडू हळूहळू पुढं आलं, लांडग्याच्या तोंडापुढची भाकरी हुंगली आणि खायला लागलं.

"हर हर महादेव!" अंगण दणाणलं. विरुपाक्षानं छाती काढली आणि साडूचं पडलेलं तोंड बघायला वळला.

तोंड पडलेलं नव्हतंच. धोंडप्पाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यानं दोन्ही हात वर केले. "लोकहो, ह्या मुक्या जिवानं मला शिकवलं! आजपासून जनावर कोंडणं बंद! चला मळ्यात, तुमच्या डोळ्यांदेखत हरणं मोकळी करतो!"

"अरे, ती माझी!" विरुपाक्ष ओरडला. "पैज माझी, हरणं माझी!"

कोण ऐकतो? गर्दीनं धोंडप्पाला खांद्यावर घेतलं. त्याच्या नावाचा जयजयकार अंगणातून पेठेत गेला, पेठेतून वेशीकडे गेला. लांडगा माझा, पिंजरा माझा, सतरा दिवस उपास घडवला तो मी, आणि हार ह्याच्या गळ्यात! विरुपाक्षाला गजांवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

अंगणात तो, रुद्राणी आणि मायाप्पा असे तिघंच उरले. मायाप्पानं पिंजऱ्याचं दार उघडलं, करडू बाजूला केलं आणि लांडग्याच्या नाकापुढं हात धरला.

"गेला, मालक."

"हळू बोल!" विरुपाक्षानं भिंतीपलीकडं बघितलं. "त्याला कळलं तर गावभर करील. उपाशी मारला म्हणेल."

"मारलाच की," रुद्राणी म्हणाली.

मायाप्पानं घोंगडी पसरली, त्यात लांडगा घेतला आणि उचलला. उचलताना त्याचा तोलच गेला, इतकं ओझं कमी निघालं.

"मायाप्पा, मागल्या दारानं ने. तुला वाटेल ते देतो. मागल्या दारानं!"

मायाप्पानं तोंडावरची घोंगडी बाजूला सारून लांडग्याचं डोकं उघडं केलं, आणि दुकानातून, गादीला वळसा घालून, तो भर पेठेत उतरला.