वीतभर टोरांटो

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून, वर रंगीत कागदाच्या फाकी चिकटवून मला घडवलं. घडवणाऱ्यांनी घाई केली असावी, कारण माझ्यावर जबलपूर छापलेलंच नाही. त्याच जबलपुरातल्या राइट टाउनमधल्या दुकानातून मला गढा भागातल्या घरी आणलं ते नीलकंठरावांनी. ते तोफांच्या कारखान्यात नोकरीला होते, मुलगा विपुल शाळेत जात होता. आपलं गावच जगात नाही म्हणून पोरगा रुसला, तेव्हा त्यांनी बॉलपेननं एक ठिपका दिला आणि जगाची चूक दुरुस्त केली.

ते माझे मानाचे दिवस होते. पाहुण्यांपुढे मला कौतुकानं फिरवलं जायचं. मग विपुल शिकला, टोरांटोला गेला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. तिथून मला उतरवलं ते त्याच्या आईनं, अनसूयाबाईंनी. त्यांनी अंगठा ठिपक्यावर टेकवला, करंगळी ताणली, ती नेमकी टोरांटोवर पोचली. मधला तळवा माझ्या डोक्यावर, उत्तर ध्रुवाच्या स्क्रूवर आला. वीतभरच तर आहे, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. पुढे रोज देवपूजा झाली की हे मोजणं ठरलेलं. मला तो आशीर्वादच वाटायचा. तो माझ्यासाठी नाही हे कळत होतं, तरी बरं वाटायचं.

मग संधिवातानं त्यांची बोटं आखडली. करंगळी बर्फातच अडकू लागली. एकदा त्यांनी फोनवर विचारलं, "विपुल, तू अजून दूर गेला का रे? माझी वीत पुरून नाही राहिली."

तो हसला. "दूर काहून जाईन, आई? दिल्लीपर्यंत चौदा तास, पुढे दीड, बस. चलो, डिसेंबरात येतो."

डिसेंबर आले आणि गेले. दर वेळी काहीतरी आडवं यायचं.

गेल्या हिवाळ्यात अनसूयाबाईंनी अंथरूण धरलं आणि डॉक्टरांनी मुलाला बोलवून घ्यायला सांगितलं. विपुल तडक निघाला. नीलकंठरावांनी मला खाटेशी आणून ठेवलं. त्या डोळ्यांनी विचारायच्या आणि ते बोट सरकवून सांगायचे, आता समुद्रावर आहे, आता डोंगर लागले. विमान दिल्लीला उतरलं तेव्हा अनसूयाबाईंना हसू फुटलं. माझ्यावर दिल्ली आणि जबलपूर यांच्यामध्ये बोटही मावत नाही.

पण दिल्लीत धुकं होतं. जबलपूरचं विमान सुटेना. धुकं माझ्यावर कुठे छापलेलं असतं?

"कुठवर आला?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"दारात आहे," नीलकंठराव म्हणाले.

त्या दाराकडे बघतच गेल्या.

विपुल दुसऱ्या दिवशी पोचला. सगळं उरकल्यावर त्यानं मला मांडीवर घेतलं आणि ठिपका शोधला. तो केव्हाच पुसला गेला होता. आईचा अंगठा टेकून टेकून तिथला कागद गुळगुळीत झाला आहे. त्या जागी त्यानं आपला अंगठा ठेवला, करंगळी ताणली. ती टोरांटो ओलांडून पुढे गेली.

"बाबा, माझी तर पुरून उरते," तो म्हणाला.

मित्रांनो, आम्हाला नीट जपा, असं शाळेच्या निबंधांतले माझे भाऊबंद शेवटी सांगतात. माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल. पण घरात कुणाची वीत पुरेनाशी झाली, तर ज्याची पुरते त्यानं निघावं, आणि वाटेतलं धुकं हिशेबात धरून निघावं.

माझ्या डोक्यावर आता कुणी हात ठेवत नाही.