वाडीचा टोल

मित्रांनो, मी रुळाचा एक जुना तुकडा आहे. मुरबाडकडे रेल्वे आलेली नाही, असे तुम्हाला कोणी सांगितले तर त्याला माझ्याकडे पाठवा. रेल्वे आली आहे. दोन फूट आली आहे आणि तीही एसटीने. बाकीची येईल म्हणून सगळे वाट बघत बसले आणि बघता बघता एकमेकांच्या जिवावर उठले. तीच हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे. ती गोड करून सांगणे मला जमणार नाही, कारण मला अजून राग येतो.

माझे तरुणपण उंबरमाळीजवळच्या चढावर गेले. गाड्या अंगावरून धडधडत जायच्या, उन्हाळ्यात अंग भाजून निघायचे, पण कामाची मला लाज नव्हती. पुढे तिथले रूळ बदलले, नवे लांब रूळ आले आणि आम्हा जुन्यांना कापून खडीवर टाकून दिले. तिथे पोश्या नावाचा एक मजूर खडी ओढायला होता. त्याने मुकादमाकडून मला मागून घेतले, गोणपाटात गुंडाळले आणि शहापूरला एसटीत चढवले. कंडक्टरने गोणपाटाला पाय लावून विचारले, "काय हाय यात?"

"रेल हाय," पोश्या म्हणाला.

"कुठं नेतोस?"

"आमच्या गावाला. तिकडं नाय ना."

सगळी एसटी हसली. मीही हसलो असतो, पण पोश्या मनापासून बोलत होता.

त्याचे गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. गावाला लागून ओढा आणि ओढ्यापलीकडे वाडी. वाडीतल्या लोकांना जमीन नव्हती. पावसाळ्यात ते गावातल्या शेतांवर राबत आणि दिवाळी झाली की मुलाबाळांसह वीटभट्टीवर जात. मागे म्हातारी माणसे आणि बंद झोपड्या उरत. पोश्याही त्याच वाडीचा. त्याने मला शाळेला देऊन टाकले. शाळेच्या आंब्याला मला टांगले, तेव्हा गावातल्या सुदामशेटने नारळ फोडला आणि 'आज तुकडा आला आहे, उद्या अख्खी रेल्वे येईल' असे भाषण ठोकले. खोबरे सगळ्यांना मिळाले, फक्त पोश्याला द्यायचे राहिले. राहिले की ठेवले, हे तुमचे तुम्ही ठरवा.

ती वर्षे मात्र बरी गेली. तारेने बांधलेल्या जाड बोल्टने गुरुजी मला बडवत आणि शाळा भरे, शाळा सुटे. न थांबता घणघण वाजवले तर तो आगीचा टोल. मग हातातले काम टाकून हंडा किंवा हिरवा डहाळा घेऊन माणसे धावत सुटत. एकदा वणवा गावाच्या कुडांपर्यंत आला होता, तो माझ्या टोलामुळे थोपला. तेव्हा माझे फार कौतुक झाले. वाडीतल्या कुणी मात्र मला कधी हात लावला नाही. लावू नका असे कुणी म्हटले नव्हते, तरी कुणी लावत नसे.

पोश्या वारला. त्याची बायको वेणू वाडीत एकटी राहू लागली. म्हातारी झाली होती, भट्टीवरचे काम होत नव्हते. सगळी गेली की त्यांच्या झोपड्या तीच सांभाळायची.

नव्वद सालानंतर मुरबाडला कारखाने वाढले. कल्याणकडची माणसे गाड्या घेऊन येऊ लागली, डोंगर बघून खूश होऊ लागली आणि जमिनीचे भाव विचारू लागली. कल्याणहून मुरबाड करून घाटापर्यंत लाईन येणार, असे जो तो बोलू लागला. सुदामशेटने आपल्या शेतात प्लॉट पाडले आणि रस्त्यावर पाटी लावली, 'स्टेशनपासून पाच मिनिटे'. स्टेशनचा अजून पत्ता नव्हता. मी रेल्वेत आयुष्य काढलेले, पण असे स्टेशन मीसुद्धा पाहिले नव्हते.

मग एका हिवाळ्यात मोजणीची माणसे खरोखरच आली. तीन पायांवरची दुर्बीण आणि लाल फडकी बांधलेल्या खुंट्या घेऊन. लाईन सरळ नेली तर सुदामशेटच्या प्लॉटांवरूनच जात होती. त्याला ती शेजारून हवी होती. तो मोजणीच्या साहेबांना ओढ्यापलीकडे घेऊन गेला. वाडी तेव्हा भट्टीवर गेलेली, मागे राहिलेली म्हातारी माणसे लाकडांना रानात गेलेली, दारांना काटेरी फांद्या लावलेल्या.

"हितं कोण नाय रेत, साहेब," तो म्हणाला. "गुरांच्या झोपड्या हायत. ओसाड पडल्यात."

सोबत आलेल्या गावकऱ्यांनी 'होय, होय' म्हणत माना डोलावल्या. एकाही माणसाची जीभ अडखळली नाही. मित्रांनो, या माणसांच्या भातलावणीत वाडीच्या बायका दरवर्षी कमरेत वाकत होत्या.

वेणू लाकडे गोळा करून परत आली, तर तिच्या अंगणातल्या चुलीशेजारी खुंटी. ती तशीच शाळेसमोर आली, कारण सुदामशेट तिथे साहेबांना चहा देत होता.

"शेट, सांग ना साहेबाला, तितं मी रेते."

"वेणे, गप घरी जा. लाईन आली की सगल्यांचंच भलं हाय."

"घरी जा सांगतोस, आन घर नाय सांगतोस?"

सुदामशेटने तिच्याकडे पाठ केली. साहेबांना वाटले, कुणीतरी भिकारीण असेल. तेव्हा वेणू आंब्याखाली आली आणि तिने बोल्ट हातात घेतला.

असा टोल मला कुणी कधी दिला नव्हता. अंगणांतून, खळ्यांवरून, दुकानातून माणसे हंडे घेऊन धावत आली. साहेबही चहाचा कप टाकून उठले. "कुठे आहे आग?"

"माज्या घरात," वेणू म्हणाली. "खुंटी मारलीय. ती काढा." मग तिने गावाकडे हात केला. "ही सगली मला वलखतात. इचारा."

साहेबांनी विचारले, "या बाई तिथे राहतात?"

भरलेले हंडे घेऊन उभी असलेली माणसे आपापल्या हंड्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. शेवटी गुरुजी वर्गातून बाहेर आले. "राहतात," ते म्हणाले. "सबंध वाडी राहते. त्यांची मुले माझ्या शाळेत आहेत."

साहेबांनी सुदामशेटकडे एकदा पाहिले आणि खुंट्या उपटायला सांगितल्या. संध्याकाळपर्यंत त्या पुन्हा ओढ्याअलीकडे आल्या. एक तर थेट 'पाच मिनिटे'च्या पाटीखाली ठोकली गेली. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता, हे मी लपवत नाही.

पण गावाने डूख धरला. भट्टीवरून वाडी परत आली, तेव्हा शेतावर तिला काम नव्हते. गिरणीत वाडीचे दळण मागे ठेवले जाऊ लागले. हातपंपावर वाडीच्या बायकांचे हंडे लाथेने बाजूला सरकू लागले. गुरुजींची बदली झाली. शाळेला विजेची घंटा बसली आणि मला काढून मुतारीमागे फेकले. वीज असली तर घंटा वाजायची, नसली तर शाळा आपोआप सुटायची. मी तिथे गंजत पडलो होतो, तोच वेणूने वाडीतल्या पोरांकरवी मला उचलून नेले आणि आपल्या दारच्या मोहाच्या झाडाला टांगले. गावात हसे झाले. वाडीला आता घंटा पाहिजे म्हणे!

पुढच्या उन्हाळ्यात सुदामशेटने शेतात राब भाजायला काढला. भाताच्या रोपासाठी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. आग पसरू नये म्हणून डहाळे घेऊन उभे राहायचे काम दरवर्षी वेणू आणि वाडीतली म्हातारी माणसे करत. यंदा शेटने बाहेरून मजूर आणले होते. त्यांनी राब पेटवला आणि ते जेवायला निघून गेले.

भर दुपारी वारा सुटला. शेत आणि गाव यांच्यामध्ये टेकाड, त्यामुळे गावाला काही दिसत नव्हते. वेणूला दिसले. ठिणग्या पेंढा रचलेल्या उडवीवर पडल्या आणि उडवीला लागूनच गोठा होता, त्यात शेटची बैलजोडी बांधलेली होती.

तिने बोल्ट उचलला आणि मला बडवायला सुरुवात केली. मी जीव तोडून वाजलो. माझा आवाज टेकाडावरून पलीकडे जातो, हे मला पक्के ठाऊक आहे. कुणी आले नाही. वेणू बडवत राहिली. हात सुजला तसा तिने दुसऱ्या हातात बोल्ट घेतला. तरी कुणी आले नाही. मग तिने बोल्ट टाकला, कोयता घेतला आणि ती स्वतःच ओढा ओलांडून गोठ्याकडे पळाली. एका बैलाचे दावे तिने कापले. दुसऱ्याकडे वळली तेव्हा पेटलेले छप्पर खाली आले आणि ती कशीबशी बाहेर निसटली.

मोकळा सुटलेला बैल गावात शिरला, तेव्हा कुठे गाव धावले. उडवी, गोठा आणि एक बैल, सगळ्याची राख झाली होती.

संध्याकाळी सुदामशेट वाडीत आला. वाडीतल्या कुणाच्या दाराशी तो आयुष्यात पहिल्यांदाच आला. वेणू दारात बसली होती, हाताला हळद बांधून.

"वेणूबाय," तो म्हणाला, "टोल नाय दिलास?"

"दिला ना रं, शेट. किती येल देत व्हते."

त्याने तिचा सुजलेला हात पाहिला, मग मला पाहिले. मग तो मोहाखाली बसला.

"आयकला," तो म्हणाला. "दुकानात बसलेलो मी. सगल्यांनीच आयकला. मीच बोललो, वाडीचा टोल हाय, वाजूं दे."

वेणू उठली. तिने त्याला पाणी दिले आणि तो ते प्यायला.

मित्रांनो, लाईन अजून आलेली नाही. खुंट्या वाळवीने खाल्ल्या. मला तेल लावा, रंग द्या, असे मी तुमच्याकडे मागत नाही. माझे एवढेच मागणे आहे, की टोल ऐकू आला तर आधी उठा. कुणी दिला, ते धावता धावता विचारा.